मागचं दार

३ नोव्हेंबर
फुजैराच्या डोंगरात पोचले एकदाची! इंग्लंडमधल्या कुठल्याशा जहागिरीच्या फाटकावरचं, राखणदाराचं दगडी घर इथल्या मालकांनी विकत घेतलंय. दगड न् दगड जहाजातून आणून आपल्या इस्टेटीच्या फाटकाशी ते पुन्हा उभं केलंय. आता दुरुस्तीवर देखरेख माझी, आणि राहायचंही त्यातच. काय देखणं आहे! अष्टकोनी खोली, टोकदार कमानींच्या खिडक्या, आणि या उन्हात चक्क उंच धुराडं. दुबईला प्रकाशला व्हिडिओ पाठवला. नवरोबा म्हणाले, शेकोटी कर.

७ नोव्हेंबर
घर नीट पाहिलं आणि डोकं फिरलं. सगळं कोरीवकाम रस्त्याकडे, पाहुण्यांसाठी. आत मालकांचा बंगला, त्या बाजूला एकही खिडकी नाही. नोकराची नजर मालकांवर पडायला नको ना! त्याचं दार मागे, इतकं बुटकं की मान खाली घातल्याशिवाय शिरताच येत नाही. मुद्दाम केलेलं. मॅनेजर निखिल म्हणतो, "ओरिजिनल आहे मॅडम, हेरिटेज." कसलं हेरिटेज? माज आहे हा! गवंडी तहसीनभाईंकडून चौकट वर उचलून घेतली.

८ नोव्हेंबर
चौकट परत खाली. आधीपेक्षाही खाली. तहसीनभाईंना सगळ्यांसमोर नको ते बोलले. "अल्लाची कसम बाई, हात नाय लावला," म्हणाले आणि हत्यारं उचलून निघून गेले. नंतर चौकटीच्या सांध्यांतला चुना पाहिला. जुना, शेवाळलेला. या वाळवंटात शेवाळ?

११ नोव्हेंबर
हॉर्न वाजला की मी फाटकाशी उभी असते. कशी येते, आठवत नाही. मान खाली. निखिल गाडीतून खेकसला, "यल्ला, जल्दी!" मला! मी आर्किटेक्ट आहे, वॉचमन नाही, असं ओरडले. त्याने काच वर केली.

१३ नोव्हेंबर
घण घेतला. बंगल्याकडच्या भिंतीत खिडकी पाडणारच. भोक पाडलं. पाणी पिऊन आले तर भिंत सलग— मान वर होत नाही. दार कमरेएवढं. प्रकाशला फोन केला, आत्ताच्या आत्ता ये.

१४ नोव्हेंबर
प्रकाशची गाडी! धावले. त्याने काच खाली केली, आणि माझ्याशी हिंदीत— "गेट खोलो भाई. मंजुषा मॅडम को लेने आया हूँ."
मीच मंजुषा! मराठीत ओरडले, शिव्या घातल्या. त्याने माझ्या हातात एक नोट कोंबली.
फाटक मीच उघडलं. याच हातांनी. तो मला शोधायला बंगल्याकडे गेला—
परत हॉर्न. नाही उठणार. मेले तरी नाही— पाय—