सरांनी खोडलेली कॉलेजं

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तुमच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. म्हणून मीच लिहायला बसले. बारामतीत तुमचा विषय निघाला की लोक देवळात शिरल्यासारखा चेहरा करतात. इंग्रजी काय शिकवायचे, म्हणतात. कडक होते, पण मनानं चांगले. कडक माणूस वेगळा, आणि समोरच्याला लहान केल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नाही तो वेगळा. तुम्ही दुसऱ्यातले होता.

बारावीनंतर लॉची सीईटी देऊन मी पुण्याहून परतले तीच रडवेली. एका उताऱ्यावर अडकून बसले होते, शेवटचे प्रश्न नुसते अंदाजानं क्लिक केले. निकालही भीती होती तसाच लागला. पाच वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळेल की नाही, मिळाला तर कुठं, काही कळत नव्हतं. अब्बा लोणी देवकरच्या कारखान्यात फिटर. अंथुर्णे गावात आमच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. "सरास्नी इचारू," ते म्हणाले, कारण बारावीला मला इंग्रजी तुम्हीच शिकवलं होतं. रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याबरोबर तुमच्या घरी आले.

तुम्ही आम्हाला व्हरांड्यातच बसवलंत. पसंतीची कॉलेजं मी कागदावर क्रमानं लिहून आणली होती. तुम्ही माझे गुण विचारलेत आणि हसलात. मग पेन काढून पुण्याची कॉलेजं खोडलीत, सोलापूरचं खोडलंत, आणि कागद मला न देता अब्बांच्या हातात दिलात. "हिला वकील करून कुणाला केस हरायचीय? इथंच बीएला घाला. आणि तुमच्यात एवढं शिकवतात का मुलींना?" सुपरवायझरला तोंडावर सुनावणारे माझे अब्बा मान खाली घालून म्हणाले, "व्हय सर, तुमी म्हणताय तसंच करू." माझं सोडा. त्यांना तसं बोलायला लावलंत, ते मी विसरणार नाही. तुमच्याइतका शिकलेला माणूस इतका कोता असू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी अम्मी भाकरी थापत होती. "काय म्हणलं सर?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, तुमच्या शेवटच्या प्रश्नासकट. तिनं तव्याखालचा गॅस बंद केला आणि अब्बांकडे वळली. "कोर्टात सर हुबं ऱ्हाणार हाईत का ही? मग कॉलेजं हिला लिवू द्या की." अब्बा भिंतीला टेकून बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इंदापुरातनं सोलापूरला थेट गाडी हाय."

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या नेट कॅफेत बसून मी तुम्ही खोडलेली सगळी कॉलेजं प्रवेशाच्या फॉर्मात भरली, त्याच क्रमानं. दुसऱ्या फेरीत सोलापूरचं मिळालं. कॉलेज काही भारी नव्हतं, अर्धी बाकं रिकामी असायची. पण तिथं मला उभं राहून बोलायला लावलं, आणि मी चुकले तेव्हा कुणी हसलं नाही. मी दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. अब्बा मातीला आले होते. मी आले नाही. मला वेळ होता.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. आता मी बारामतीच्या कोर्टात वकिली करते. मी एकटीनं मागितलेला पहिला जामीन मंजूर झाला, त्या दुपारी घरी फोन करायच्या आधी मी स्कूटी तुमच्या गल्लीत घातली. तुम्ही नाही, हे माहीत असून बेल वाजवली. काकूंनी, तुमच्या पत्नीनं, दार उघडलं. खूप थकल्या होत्या, त्यांनी मला ओळखलं नाही.

"कोण पाहिजे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, घर चुकलं.