गुडघ्यांचं निमित्त

ती. बाबा,

ताईकडे नीट पोचलात ना? हे पत्र मी टाकणार नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

जुन्या लढाऊ विमानांच्या प्रदर्शनाला मी दरवर्षी जातो. तिथलं एक विमान दाखवून मी मंडळींना सांगून ठेवलं होतं, की माझे बाबा हेच विमान उडवायचे. तुम्ही त्याची चाकं आणि ब्रेक बघायचात, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. यंदा तुम्हीच येण्याचा हट्ट धरलात.

आयोजकांनी "या कॅप्टनसाहेब, आत बसा, फोटो काढू," म्हणत शिडी लावली. माझा चेहरा पांढराफटक पडला. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि हसून त्यांना म्हणालात, "राहू द्या हो, गुडघे ऐकत नाहीत आता."

रोज तीन जिने न थांबता चढणारे तुम्ही!

नंतर ते विमान आकाशात एक फेरी मारून उतरताना सगळे पंखांकडे बघत होते, तुम्ही चाकांकडे. परतताना एवढंच बोललात, "चाकं छान ठेवलीत रे त्यांनी."

काल प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मी एकटाच गेलो होतो. एका बाईंनी विचारलं, "तुमचे वडील वैमानिक ना? आले नाहीत?"

मी म्हटलं, "हल्ली त्यांचे गुडघे दुखतात."

तुमचा,
धाकटा