हातचा

रविवार, १४ मार्च

तीर्थरूप आक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. बसच्या सीटवर बसून बसून कंबरेचा पार भुगा झाला आहे, तेव्हा आठही अंगं टेकली असं समजून घे. दाजींचा खोकला कमी झाला का? आम्ही मजेत आहोत. शाळेची बस मी अजून कुठेही ठोकलेली नाही, ही तुझ्या आशीर्वादाची कमाल.

फोनवर तू आमच्या ठकीच्या अभ्यासाचं विचारलंस की मी हवापाण्यावर यायचो, हे तुझ्या लक्षात आलंच असणार. तुझ्यापासून काही लपून राहतं होय? पण आज सांगतो, कारण आज सांगण्यासारखं झालं आहे.

इथली शाळा सरकारी, शहराच्या कडेला. मोठ्या रस्त्याच्या अलीकडे बंगले, पलीकडे आमच्यासारख्यांच्या भाड्याच्या खोल्या. फाटक सगळ्यांना एकच. वर्ग मात्र परीक्षा घेऊन पाडतात, हुशारांचा ‘अ’ आणि बाकीच्यांचा ‘क’. मधला ‘ब’ कुठे गेला, देव जाणे. मी बस चालवतो म्हणून मला दिसतं, पलीकडच्या थांब्यांवर चढणारी जवळजवळ सगळी पोरं ‘क’मध्ये जातात आणि बंगल्यांपाशी चढणारी ‘अ’मध्ये. अक्कल काय थांब्यावर वाटतात? बंगल्यातल्या पोरांचा राग नाही हं, गोड आहेत बिचारी, उतरताना ‘थँक्यू काका’ म्हणतात. पण त्यांना संध्याकाळी शिकवणीला बाई येतात आणि आमची पोरं कुलूप उघडून आईबापांची वाट बघतात. शिवाय प्रयोगशाळा फक्त ‘अ’ला. ‘क’ला वर्षभर तेच ते पाढे.

तर ठकी त्या परीक्षेला बसली. तू शिकवलंस तसा हातचा डाव्या मुठीत गच्च धरून. देखरेखीच्या सरांना वाटलं, मुठीत चिठ्ठी आहे. “मूठ उघड,” म्हणाले. ही उघडेना. त्यांनी एकेक बोट सोडवलं, तर आत नुसता घाम! सर ओशाळले, पण ठकीचा हातचा सांडला तो सांडलाच. पुढे तिने पेपरावर एक आकडा लिहिला नाही. तिची रवानगी ‘क’मध्ये झाली.

मी मोठ्या बाईंना भेटलो, तर म्हणाल्या, “घरी कुणीतरी चुकीची सवय लावली आहे. पाया कच्चा राहिलाय.”

आक्का, हे मला तुला सांगायचं नव्हतं. आम्ही इथे बस्तान बसवत होतो तेव्हा तू पोरीला पोटाशी धरून शिकवलंस आणि बोल तुझ्यावर आला. मला ते सोसवेना. हिने ठकीला गोडीत सांगून पाहिलं, “अगं, हातचा कागदावर लिही.” ठकी म्हणाली, “आत्याने मुठीत दिलाय. कागदावरचा पुसला गेला तर?”

देव भलं करो त्या ‘क’च्या बाईंचं. नव्याच आहेत, ओरडून ओरडून घसा बसलेला असतो. त्यांनी मूठ उघड म्हटलं नाही. शेजारी बसून विचारलं, “काय धरलंयस गं?”

“हातचा.”

“आणि तो न्यायचा कुठे?”

“शेजारच्या घरात. ह्या घरात मावला नाही ना, म्हणून. तिथे मिळवला की मगच मूठ सोडायची.”

बाई उठल्या त्या थेट मोठ्या बाईंकडे गेल्या. पुन्हा परीक्षा घ्या म्हणाल्या, आणि एकट्या ठकीची नाही, अख्ख्या ‘क’ची. “एकीच्या मुठीत हातचा निघाला. बाकीच्यांच्या मुठींत काय आहे, कुणी विचारलंय?” मोठ्या बाई आधी फणकारल्या, पण मग त्यांनी मन मोठं केलं. त्यांचेही उपकारच.

परीक्षेच्या सकाळी ठकीने बसमध्ये सगळ्यांना तुझी पद्धत शिकवली. आरशात बघतो तर प्रत्येक पोर मूठ आवळून बसलेलं. बसमधल्या मावशी घाबरून म्हणाल्या, “आज मारामारी आहे का रे?”

काल निकाल लागला. ठकी ‘अ’मध्ये गेली, तिच्याबरोबर पलीकडची आणखी काही पोरं गेली. सगळी नाही. खिडकीपाशी बसणारा एक जण येताना अजून मूठ आवळूनच बसला होता. पण बाईंनी ‘क’लाही प्रयोगशाळेचा तास मिळवला आहे आणि त्या भांडायच्या थांबतील असं दिसत नाही.

त्यांनी मला विचारलं, “हे हिला कुणी शिकवलं?” म्हटलं, “माझ्या आक्काने.” “तुम्हालाही त्यांनीच?” मी हो म्हणालो आणि उगाच टायर तपासायला गेलो. डोळे भरून आले होते गं. आई गेल्यावर नव्या आईच्या घरात मी मावेना, तेव्हा सासरी निघताना तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, “हा माझ्याबरोबर येईल.” दाजींनी हूं की चूं केलं नाही. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. आज दोघांचेही मानतो.

ठकीने आत्याला पापा सांगितला आहे. पत्र दाजींना मोठ्याने वाचून दाखव, शेवट सोडून. तो तुझ्यापुरता आहे.

शेजारच्या घरी पोचेपर्यंत ज्याला तू मुठीतून सोडलं नाहीस, तो

तुझा हातचा