नीलमकडे गेलेली माणसं

३ जून
माझ्या टीममधल्या व्यंकटने राजीनामा दिला. चालला नीलमच्या कंपनीत. ही नीलम चार वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली होती, तिची ईमेलं मी दुरुस्त करायचो. आता इथे चेन्नईत, नुंगंबाक्कममध्येच, आमच्या ऑफिसपासून दोन गल्ल्या पलीकडे मॅनेजर झालीये. तिच्या टीममधून म्हणे कोणी नोकरीच सोडत नाही. मला तिचा हेवा वाटत नाही. फक्त तिची लिंक्डइन पोस्ट तीनदा वाचली.

५ जून
ठरलं. टीम आनंदी ठेवायची. उद्यापासून रोज संध्याकाळी सहाला अर्धा तास हास्ययोग, हजेरी सक्तीची. नंदिता म्हणाली, सर, सहाला माझी बस असते. तिला समजावलं की मानसिक स्वास्थ्यापुढे बस काय.

१३ जून
नंदिताचाही राजीनामा. तीही नीलमकडेच. पगारासाठीच ना, विचारलं. म्हणाली, पगार तेवढाच आहे. भिडस्त मुलगी, खरं बोलत नाही.

१९ जून, दुपार
विश्वजितच्या वडिलांची अँजिओप्लास्टी. रजा मागत होता. मी मोठ्या मनाने लॅपटॉप हॉस्पिटलात न्यायची परवानगी दिली.

२४ जून
विश्वजितही गेला. नीलमने त्याला रुजू व्हायच्या आधीच आठवडाभर रजा दिली म्हणे. कंपनीच्या जिवावर उदार व्हायला काय जातंय!

२५ जून
घरी विद्युलतेपुढे तासभर नीलमबद्दल बोललो. ती म्हणाली, एवढं छान आहे तर तुम्हीच का नाही अर्ज करत तिथे? बायकोला टोमणा मारायचा होता, पण कल्पना उत्तम. सहा महिन्यांत नीलम परत माझ्या हाताखाली.

४ जुलै
इंटरव्ह्यू. नीलम स्वतः रिसेप्शनला घ्यायला आली, माझ्यासाठी कॉफीही तिनेच आणली. देखावा. आत व्यंकट आणि नंदिता कशावरून तरी हसत होते, तेही कोणी हजेरी न घेता. मला पाहून टाइप करू लागले.
नीलम हळू आवाजात म्हणाली, सर, तुमच्यापासून लपवत नाही. मी तिघांना विचारलं. तुम्ही आलात तर आम्ही जातो, म्हणाले.
म्हणजे माझा दरारा टिकून आहे. बाहेर पडताना उन्हात चक्कर आल्यासारखं झालं, तर तिने रिक्षा बोलावून दिली.
घरी आल्यावर विद्युलतेला सांगितलं, त्यांनी खूप आग्रह केला, मीच नाही म्हटलं. ती म्हणाली, नीलमचा फोन येऊन गेला. तुम्ही नीट पोचलात का, विचारत होती.