स्वखुशीनं म्हणे

आबा, तुमच्यामुळं माझी ही गत झालीय आणि तुम्ही नऊ वर्षं झाली गप्प पडून आहात, हे काही बरोबर नाही. जमीन तुम्ही दिली, अंगठा तुम्ही उठवला, कंपनीत माझं नाव तुम्ही सांगितलं, आणि आता निस्तरायची वेळ आली तर मी एकटी. कंपनीनं व्हीआरएस काढलीय. तुम्हाला कळायचं नाही म्हणून सांगते. आपण होऊन नोकरी सोडायची, कंपनी एकदाच काय ते पैसे देणार आणि गेटचं कार्ड काढून घेणार. त्याचा छापील कागद दिलाय. माझी शाळा चौथीपर्यंतची, बोट ठेवून ठेवून वाचला. पहिल्याच ओळीत लिहिलंय, "मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय..." तिथंच माझं डोकं फिरलं. हे शब्द मी आधी वाचलेत. तुमचं दहावं झाल्यावर आईच्या ट्रंकेत जमिनीच्या संमतीचा कागद सापडला, त्यावर हेच होते. स्वखुशीने, आणि खाली तुमचा निळा अंगठा. अंगठा दिलात त्या दिवशी तुम्ही किती खूश होता ते मी पाहिलंय. परड्यात बसून राखेनं अंगठा घासत होता. शाई कधीच गेली होती, तरी घासत होता. आई म्हणाली, "आता कातडं काढता का?" तेव्हा उठलात, आणि न जेवता झोपलात.

आम्हा सगळ्या वायरिंगवाल्या बायकांना हॉलमध्ये बसवलं आणि माझ्या निम्म्या वयाच्या मॅडमनी समजावलं. "ताई, ही सक्ती नाहीये. हा तुमचा स्वतःचा निर्णय आहे." मी उठून विचारलं, "आणि नाही घेतला निर्णय तर?" तर म्हणे बदली होईल. वायरिंगचा सेक्शन दुसऱ्या राज्यात चाललाय, तिकडं जावं लागेल. मी म्हटलं, "तिकडची भाषा कुठली?" "शिकाल हळूहळू." "मॅडम, हा मराठी कागद वाचायला मला अर्धा तास लागला." सगळ्या हसल्या, मॅडम पण हसल्या, आणि म्हणाल्या, "म्हणूनच म्हणते, विचार करा." म्हणजे बघा, एका बाजूला दरवाजा उघडा ठेवायचा, दुसऱ्या बाजूला भिंत बांधायची आणि वर म्हणायचं, जा तुला हवं तिकडं. मी खाली बसले तर शेजारची, लातूरकडची कॉन्ट्रॅक्टवरची पोरगी, जिला मी काम शिकवलं, माझ्या कानात म्हणते, "आक्का, तुमाला इच्छा तरी इचारली. आमाला वॉचमनच सांगतोय, उद्यापासून येऊ नगा म्हणून." क्षणभर लाज वाटली. राग मात्र गेला नाही, तो बसलाय तसाच.

गावात अजून लोक तुमचं कौतुक करतात. लेकीला नोकरी लावणारा बाप. खरं काय ते तुम्हाला माहिताय आणि मला. जमीन गेलेल्या घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. तुमचं वय उलटलेलं, माझ्या पाठचा धाकटा बारा वर्षांचा. मी सासर सोडून पत्र्याची पेटी घेऊन परत आलेली, घरात बसून होते. तुम्ही म्हणालात, "तवर तू जा. धाकटा अठराचा झाला की त्याला लावू." एसटीत जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात ना, तशी तुम्ही मला कंपनीत टाकली. सहा वर्षांनी धुतलेली टोपी घालून तुम्ही त्याला गेटवर घेऊन गेलात, आणि आतून निरोप आला की नोकरी अशी एकाची दुसऱ्याला देता येत नाही. परत येऊन माझ्याकडं बघितलं नाहीत. "आता तूच कर," एवढंच. जसं काही मी चोरी केली होती. मला त्या दिवशी रडायला आलं असतं तर बरं झालं असतं. मी दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्टला गेले.

पण हिशेब मांडून सगळाच दोष तुम्हाला देता येत नाही, ही माझी अडचण आहे. सुरुवातीला रोज संध्याकाळी तुम्ही विचारायचात, "आज कुठं व्हतीस?" मी म्हणायची वायरिंगला. "ते न्हाई गं. रानात कुठं?" मला कळायचंच नाही. मग एका रविवारी तुम्ही अंगणात काठीनं सगळं रान काढून दाखवलंत. इथं विहीर, इथं आंबा, इथनं पाट, हा बांध. विहीर बुजवून तिथं कंपनीची पाण्याची टाकी झाली होती, ती तुम्हाला रस्त्यावरून दिसायची. "टाकीपासून तुजी जागा किती पावलं?" जेवणाच्या सुट्टीत मी टाकीपासून पावलं मोजत चाललेय आणि सिक्युरिटीवाला मागून, "मॅडम, कुछ गिरा क्या?" घरी येऊन सांगितलं. तुम्ही काठीनं मोजलंत, थांबलात, आणि हसलात. "अगं, तू तर कांद्याच्या वाफ्यात उभी हायेस!" त्या कागदानंतर पहिल्यांदा हसलात. तेव्हापासून आपल्या घरात मी कंपनीत जात नाही, रानात जाते. आई डबा भरायची तेव्हा तुम्ही विचारायचात, "आक्की रानात निघाली का?" एकदा अंगात ताप होता, मी गोधडी ओढून पडले, तर दारात उभे राहून ओरडलात, "रान पडीक ठेवतीस व्हय?" तापात गेले मी. लाल तारेच्या जागी पिवळी बसवली आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. ती बोलणी खरं तर तुमची होती.

तिसऱ्या वर्षी आमची फळी, म्हणजे ज्यावर तारा लावून जुडगा बांधतात ती, नव्या शेडमध्ये नेली. मी येडी, येऊन खरं सांगितलं. बांधाच्या पलीकडं, चुलत्याच्या रानात. वीतभर बांधासाठी तुम्ही सख्ख्या भावाशी बोलत नव्हता. ताट सरकवलंत. "माज्या पोरीनं त्याच्या रानात राबायचं?" मी म्हटलं, "आबा, आता ते त्याचं नाही आणि हे आपलं नाही. सगळं कंपनीचं आहे." दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मी सुपरवायझरकडं गेले, म्हटलं मला जुन्या शेडमध्ये घ्या. का म्हणाला. काय सांगणार? म्हटलं तिथं वारा येतो. त्यानं माझ्या डोक्यावर पंखा लावून दिला. मग घरी येऊन सांगितलं, घेतलं परत, कांद्याच्या वाफ्यात आहे. तुम्ही जाईपर्यंत तेरा वर्षं रोज तेच सांगितलं. तेरा वर्षं मी चुलत्याच्या रानात उभी होते, आबा. घ्या, आता रुसा.

परवा धाकटा आला होता पिंपळे सौदागरहून, गाडी घेऊन. चहा पण घेतला नाही. "आक्का, घेऊन टाक. भावना बाजूला ठेव. आणि निम्मे माझे, विसरू नको. जमीन दोघांची होती. नोकरी तर माझीच होती, तू बसलीस तिच्यावर." मी म्हटलं, "बसले नाही, उभी होते. पंचवीस वर्षं उभ्यानं काम आहे ते. हवी होती ना तुला? ये उद्या, एक शिफ्ट उभा राहा." "चिडतीस कशाला?" चिडू नको तर काय करू? माझ्या उजव्या अंगठ्याच्या रेघा गेल्यात तारा दाबून दाबून, हजेरीचं मशीन मला ओळखत नाही, मधलं बोट लावावं लागतं. मी त्याला सांगितलं, आबा दवाखान्यात शेवटचं मला काय म्हणाले ठाऊक आहे ना? रान सोडू नको म्हणाले. तर हसून म्हणतो, "त्यांनी स्वतः सोडलंच की." थोबाडीत मारावी वाटली. पण खरंच होतं.

इतका वेळ मी मॅडमवर, धाकट्यावर, तुमच्यावर तोंड सोडलंय, पण एक गोष्ट राहिली ती लिहिते. हॉलमध्ये तो कागद हातात पडला तेव्हा मला आधी राग आला नव्हता. आधी वाटलं, सुटले. पहाटेची बस नाही, पोटऱ्यांना पट्टा बांधायचा नाही. सकाळी उन्हात बसून कोमट चहा प्यायचा, आणि कुणी विचारणार नाही कुठं होतीस. राग मागून आला, त्या 'स्वखुशीने' शब्दावर, कारण तो माझ्यापुरता खोटा नाही निघाला. मला खरंच जायचंय. तुमच्या कागदावर तो खोटा होता आणि माझ्या कागदावर खरा, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नसती.

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि हे पत्र टाकायला पेटी कुठं आहे? ते या वहीतच राहणार, किराण्याच्या यादीच्या मागच्या पानावर. तरी सांगते. रान सोडणार नाही हा शब्द दवाखान्यात तुम्ही माझ्याकडून घेतला होता, आता त्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगायचं. "तुला वाटंल ते कर" असलं चालणार नाही, ते तुम्ही आयुष्यात कधी म्हणाला नाहीत, आता मेल्यावर सुरू करू नका. सोड म्हणा, नाहीतर सोडू नको म्हणा. शुक्रवारी सकाळी मॅडमच्या टेबलावर कागद द्यायचाय. मला गुरुवारी दिवस मावळायच्या आत उत्तर पाहिजे.