चार शीलांनंतरची शांतता

आई,

काल तुझा स्मृतिदिन झाला आणि विहारात बुद्धवंदना मी सांगितली. आज पप्पा विहारातल्या सतरंज्या परत द्यायला गेले आहेत आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात बसले आहे. ओट्यावर पांढऱ्या फडक्यावर ग्लास पालथे घातलेत, कारण माझं काम या वेळेला असतं. ते काम काय आहे हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी परभणीला फूड टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तुझ्या समजुतीप्रमाणे मी पुढे जॅम, सॉस, नाहीतर बिस्किटं करणार होते. प्रयोगशाळेचा पांढरा कोट तू घरीच शिवलास, बाह्या दोन बोटं लांब ठेवून, कारण पोरगी अजून वाढेल असा तुझा अंदाज होता. मी वाढले नाही. बाह्या दुमडून तो कोट मी डिग्री होईपर्यंत घातला.

मी बेल्जियमच्या बिअर चाखते आणि त्यांची परीक्षणं लिहिते. आधी एका बिअर कारखान्याच्या गुणवत्ता विभागात होते, आता पुण्यात राहून एका संकेतस्थळासाठी लिहिते. या बिअर लहान कारखान्यांत होतात, काही तर मठांत, आणि एकीचा दुसरीशी मेळ नसतो. एक गव्हाची, फिकट आणि गढूळ, तिच्यात धने आणि संत्र्याची साल टाकतात. एक तपकिरी, तिला मनुकांचा आणि करपायच्या बेतात आलेल्या साखरेचा वास. एक सोनेरी, दिसायला साधी आणि सगळ्यांत कडक. चाखण्याची वेळ सकाळची, कारण तेव्हा जीभ ताजी असते. आदल्या जेवणात ठेचा चालत नाही, सकाळचा चहा चालत नाही. ग्लास तिसरा हिस्सा भरायचा, आधी वास घ्यायचा, कारण नाक लगेच सरावतं. दोन बिअरच्या मधे लोक पावाचा तुकडा खातात, मी इथे शिळ्या भाकरीचा खाते. आणि घोट गिळावा लागतो. वाइनवाले थुंकतात, आम्हाला थुंकून भागत नाही. घोट घशाखाली गेल्यावर मागून नाकात जो वास चढतो आणि जो कडवटपणा रेंगाळतो, त्यावर अर्धं परीक्षण उभं असतं.

हे काम खरं तर एकट्याने करायचं नसतं. कारखान्यात आम्ही ओळीने बसायचो, मधे पडदे, आणि शेवटी सगळ्यांचे शेरे एकत्र ठेवायचे. एकाला केळ्याचा वास आला आणि बाकीच्यांना आला नाही, तर ते केळं खोडलं जायचं. आता मला केळ्याचा वास येतो आणि तो राहतो. खोडायला कोणी नसतं. परवा एक आंबट बिअर उघडली. तिला विरजण घालत नाहीत, धान्याचा उकळलेला रस उघडा ठेवतात आणि हवेतून जे पडेल त्यावर सोडून देतात, मग लाकडी पिंपात वर्षानुवर्षं. पहिल्याच वासाला मला तुझी आंबील आठवली, वैशाखात मडक्यावरचं ओलं फडकं काढल्यावर जिचा वास यायचा ती. परीक्षणात मी वाळलेलं गवत, ताकाची निवळी, ओल धरलेली भिंत असं लिहिलं. ते बरोबर आहे. पण ज्वारीची आंबील म्हटल्यावर मान डोलावणारा एकही माणूस माझे शेरे वाचत नाही.

पप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी महिनाभर इथे वालूरला आले आणि बाटल्या कपड्यांत गुंडाळून आणल्या. ते सकाळी बाहेर पडले की मी काम करायची, ते येईपर्यंत ग्लास धुतलेले असायचे. त्यांनी कधी विचारलं नाही. गावात कोणी चौकशी केली तर म्हणतात, पोरगी फूड कंपनीचं लिहायचं काम करती. ते खोटं नाही, पण पूर्णही नाही, आणि मी ते तसंच राहू दिलं. मग मागच्या आठवड्यात जेवताना म्हणाले, "औंदा वंदना तू सांग. तुझी माय सांगायची तशी. बायका इचारायल्यात मला." मी हो म्हणाले. मागून म्हणणाऱ्याला एखाद्या ओळीला ओठ मिटता येतात. सांगणारीला ती सोय नसते. तिने ओळ दिली की सगळा विहार ती उचलतो, आणि वंदनेतल्या पंचशीलात पाचव्या शीलाची ओळ मादक पदार्थ न घेण्याची आहे.

मला काका आठवले. एका बुद्धपौर्णिमेला पप्पांचे धाकटे भाऊ थोडी लावून विहारात आले होते, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि पाचवं शील त्यांनी सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा म्हटलं. तू वंदना पुरी होऊ दिलीस. दारात चपला घालताना म्हणालीस, "भाऊजी, चारच म्हणत जा. पाचवं जमंल तवा म्हणा." ते म्हणाले, "वैनी, औषधापुरतीच घेतो." तू म्हणालीस, "मग डाक्टरलाबी घेऊन या. दोघं मिळून गप बसा." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं काका आता विहाराची पायरी चढणार नाहीत. पुढच्या रविवारी ते आले, चार म्हणाले, आणि पाचव्याला तोंड मिटून सरळ समोर बघत उभे राहिले. आम्ही पोरं त्यांना चारशीले काका म्हणायचो. ते मरेपर्यंत तसेच उभे राहिले, आणि तू सणाचा पहिला डबा त्यांच्याच घरी पाठवत राहिलीस. ही तुझी शिस्त मला तेव्हा कडक वाटायची. जे पाळत नाही ते म्हणायचं नाही, पण येणं सोडायचं नाही.

मी पळवाट शोधली. तीन दिवस घोट थुंकले, स्टीलच्या तांब्यात. सोनेरी बिअरच्या शेऱ्यात शेवट कोरा राहिला. मिरी आणि नाशपातीपर्यंत मी पोचले आणि पुढे काहीच नाही, कादंबरीचं शेवटचं पान फाटल्यासारखं. ते परीक्षण मी पाठवलं नाही. मग अर्थावर गेले. शीलात नशेपेक्षा बेसावधपणावर बोट आहे, आणि चाखताना मी असते तितकी सावध एरवी कधीच नसते. हा मुद्दा मला आजही चुकीचा वाटत नाही. पण तो मनात मांडून झाला तेव्हा काकांचा आवाज ऐकू आला, औषधापुरती.

पप्पांच्या डोळ्यांत थेंब टाकले की त्यांना थोडा वेळ डोळे मिटून पडावं लागतं. मी ती वेळ निवडली. सगळं सांगितलं, कंपनी, बाटल्या, गिळणं, आणि पाचव्या शीलाचं काय करू ते विचारलं. ते म्हणाले, "म्हाईतंय मला. आपरेशन डोळ्याचं झालंय, नाकाचं न्हाई." मग विचारलं, पिऊन पडतीस का. मी नाही म्हणाले. "तुझी माय काय म्हणली असती?" मी म्हणाले, चारच म्हण. "मग मला कशाला इचारायलीस," ते म्हणाले आणि उशीवर मान वळवली. वंदना दुसऱ्या कोणाला द्या असं मी म्हणून पाहिलं. डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, "न्हाई. सांगायची तूच."

काल विहारात मी पांढरी साडी नेसून समोर उभी राहिले. तुझा फोटो, मेणबत्त्या, फुलं. त्रिसरण झालं. मी ओळ देते आणि बायका उचलतात, त्यांचा आवाज माझ्यापेक्षा जाड आहे, मागच्या पुरुषांचा जरा उशिरा येतो. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं, खोटं न बोलण्याचं, मी स्पष्ट सांगितलं. मग थांबले. श्वास होता, शब्द पाठ होते. मी ओठ मिटून सरळ समोर बघत राहिले. कुठेतरी एक बांगडी वाजली. मग पुढच्या रांगेतून एक बाई सुरू झाली, तिच्या मागून दुसरी, आणि पाचवं शील सगळ्या विहाराने आपलं आपण म्हटलं. त्यांना सांगणारीची गरज नव्हती. त्यांत पप्पांचा आवाज मला ओळखता आला. शेवटचा शब्द झाल्यावर मी पुढची गाथा घेतली, तिथे माझा आवाज नीट लागला.

जेवणं झाली. कोणी काही विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं, दोन वाक्यांचं, आणि ते द्यायची माझी तयारीही होती. शेवटी तुझ्यासोबत अंगणवाडीत कामाला जायच्या त्या मावशी हात पुसत आल्या. म्हणाल्या, आवाज डिट्टो मायचा. मग माझ्या गालावरून हात फिरवून हळूच विचारलं, "मधीच दाटून आलं व्हय गं? मायची याद आली?" मी मान हलवली. हो अशी. चौथं शील सांगून जेमतेम एक जेवण झालं होतं.

हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून एवढं लिहिते. मी मावशींशी खोटं बोलले, असं कालपासून धरून चालले आहे. आज हे इथवर लिहिल्यावर, तेव्हा तुझी याद आलीच नव्हती याची तितकी खात्री वाटत नाही.