सलीमभाईंच्या ट्रकचं दार

रविवार, संध्याकाळ

आज द्वारका चौकाजवळ आम्ही जुन्या ट्रकांचे मालक आपापल्या गाड्या घेऊन जमलो होतो. माझा, म्हणजे आमच्या वडिलांचा, अण्णांचा ट्रक आरशासारखा चमकत होता. पण गर्दी शेजारी, सलीमभाईंच्या ट्रकपाशी. त्यांनी अख्खी गाडी नव्याने रंगवलीय, फक्त दारावर त्यांच्या अब्बांच्या कोपरानं झिजलेली जागा तशीच ठेवलीय. सगळे तिचेच फोटो काढत होते. मला एकानं विचारलं, “नवीन घेतला का?” नुसता जळफळाट झाला. वर सलीमभाई म्हणतात, “भाऊ, रंग भारी बसलाय तुमचा.” मुद्दाम म्हणाले असतील?

अण्णाही दारावर कोपर टेकवूनच चालवायचे. मीच तिथे पुट्टी भरून रंग मारून घेतला.

घरी येऊन पॉलिश पेपर काढला, दारावरची ती जागा घासायला. पण अण्णांचं कोपर नेमकं कुठे टेकायचं, तेच आठवेना.